शालीमागचे हात

लातूरच्या गंजगोलाईमागच्या आमच्या गल्लीत बातमी दुधाच्या आधी पोचते. दुधाला निदान सायकल तरी लागते. त्यात त्या उन्हाळ्यात करोनाची दुसरी लाट आलेली, दुकानांची शटरं खाली, चौकात पोलीस आणि माणसं गच्चीवर. टीव्हीवर तेच ते ऐकून लोक विटले होते. समोरच्या गच्चीवर काय वाळत घातलंय, हा कार्यक्रम मात्र रोज नवा. अशाच एका सकाळी महानंदाच्या गच्चीवर, ओल्या चादरीच्या वर, दोन हात दिसले. हात नुसते. मनगटात एक बांगडी नाही.

ते आधी पाहिले तारामतीकाकूंनी. काकूंना जवळचं दिसत नाही म्हणून तांदूळ निवडायला त्या सुनेला बसवतात. लांबचं मात्र देवानं भरपूर दिलंय. महानंदाचा नवरा राजशेखर नांदेड जिल्ह्यात अडकून पडलाय, हे गल्लीला ठाऊक होतं. महानंदानं पदर कपाळावरून, नाकातोंडावरून गळ्यापर्यंत गुंडाळलेला. तेव्हा सगळ्याच बायका तसा गुंडाळायच्या. त्यामुळं कुंकू दिसेना, गळा दिसेना. दिसले ते हात. काकूंनी समजायचं ते समजून घेतलं, डोळ्यांना पदर लावला, आणि आत जाऊन पिठलं टाकलं. ज्या घरातलं माणूस जातं त्या घरात चूल पेटत नाही, शेजाऱ्यांनी भाकरी पोचवायची असते. विचारायचं नसतं. तशी काकूंची इच्छा फार होती विचारायची, पण रीत आडवी आली.

ते हात मोकळे का होते, हे गल्लीला पुष्कळ उशिरा कळलं. आपण आधीच सांगून टाकू. महानंदा त्या दिवसांत ज्या कोंडीत सापडली होती, तिच्यापुढं गल्लीचा घोळ म्हणजे निव्वळ करमणूक.

महानंदा मूळची उदगीरची. घरात किराणा, बाप सकाळी लिंगपूजा आटोपल्याशिवाय चहाला शिवायचा नाही, आणि ही पोर म्हणजे कॉलेजच्या गॅदरिंगची शान. नकला करायची, प्राचार्यांची चाल चालून दाखवायची. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला लग्न झालं आणि लातूरला आली. राजशेखर केळीच्या व्यापारात. नांदेडकडं अर्धापूरला बागा बघायच्या, घड उतरवून गाड्या भरायच्या, आणि आठवड्यातून एकदा घरी येऊन आईच्या हातचं जेवायचं. आई शरणम्मा बिदरकडची. मराठी चांगली बोलते, राग आला की मात्र कन्नडात शिरते आणि मग तिथून तिला बाहेर काढणं कुणाच्या बापाला जमत नाही.

मंजुश्री झाली तेव्हा डॉक्टरांनी तिच्या डोळ्यांची ठेवण बघून एक इंग्रजी नाव सांगितलं. ही मुलगी सगळं शिकेल, म्हणाले, पण तिच्या चालीनं शिकेल. गल्लीनं मात्र इंग्रजी नावावर विश्वास न ठेवता आपापले इलाज सांगितले. कुणी अंगारा, कुणी गाढविणीचं दूध, कुणी नवस. महानंदानं सगळं ऐकलं, थोडं केलंही, आणि पोरीला वाढवलं. मंजू गोड पोरगी. पायाच्या आवाजावरून माणूस ओळखते. कुकरच्या शिट्टीला हसते. शब्द मोजके, पण त्या मोजक्यांत ती सगळ्यांना हवं तसं नाचवते. एकच गोष्ट घरात कुणाच्या ध्यानात आली नव्हती, ती म्हणजे पोरीला हात आहेत. सकाळी आजी तोंड धुणार, आजी वेणी घालणार, आजी भरवणार. फ्रॉकची गुंडी आई लावणार. लेकरू आधीच देवानं बेजार केलंय, त्याला आणखी काम काय सांगायचं, असं शरणम्माचं म्हणणं.

मग शहराबाहेरच्या विशेष मुलांच्या शाळेत जागा मिळाली. ती मिळायला महानंदानं किती वाट पाहिली ते तिचं तिला माहीत. तिथं शिल्पा मॅडम भेटल्या. बाई लहानखुरी, आवाज मऊ, पण हट्टी. तुमची मंजू डबा स्वतःच्या हातानं खाते, असं त्यांनी सांगितलं तेव्हा शरणम्मा हसली. मास्तरीण लोकांना असं सांगावंच लागतं, म्हणाली.

आणि नेमकी शाळा बंद झाली. शाळा आली मोबाइलवर.

सकाळी मॅडमचा निरोप यायचा, आजचं काम अमुक. आईनं मुलाकडून ते करून घ्यायचं, व्हिडिओ काढायचा आणि ग्रुपवर टाकायचा. सरावासाठी शाळेनं घरोघर पाट्या पाठवल्या होत्या, कापड ताणलेल्या, मोठ्या रंगीत गुंड्या लावलेल्या. मंजूनं पाटी आली तशी आधी चाटून बघितली. मॅडम पडद्यावर दिसल्या की ती मोबाइलचा मुका घ्यायची, आणि काम सुरू झालं की पाटी भिरकावून आजीच्या मांडीत जाऊन बसायची. शाळेत हीच पोर करते आणि घरात करत नाही, याचं महानंदाला आधी नवल वाटलं, मग राग आला, मग रडू. बाकीच्या आयांचे व्हिडिओ येत राहिले. हिचा येईना.

एक दिवस शाळेच्या कचेरीतून निरोप आला. मॅडमचा नव्हे, कचेरीचा. ज्या पालकांचे व्हिडिओ येत नाहीत त्यांना शाळेची गरज नाही असं धरलं जाईल, बाहेर बरीच मुलं थांबलेली आहेत. महानंदानं तो निरोप पुन्हा पुन्हा ऐकला. जागा गेली तर मंजू आणि आजी आणि ही, तीन माणसं, चार भिंती, जन्मभर.

तेव्हा तिला गॅदरिंग आठवलं. तुम्हीही बघितली असेल ती नक्कल. एक पोर पुढं बसते, दुसरी मागं लपते, दोघींवर मिळून एक शाल, आणि मागचीचे हात पुढचीच्या काखेतून बाहेर. मग ते हात केळं सोलतात आणि नाकात घालतात, लोक हसून लोळतात. उदगीरला या नकलेला महानंदाला पहिलं बक्षीस मिळालं होतं.

शालीची तर घरात कमतरताच नव्हती. राजशेखरचा व्यापाऱ्यांच्या कुठल्या ना कुठल्या कार्यक्रमात सत्कार व्हायचा, आणि सत्काराच्या शालीला मराठवाड्यात कपाटाशिवाय दुसरी जागा नसते. एक काढली. मंजूला पाटावर बसवलं, तिचे हात मागं घेऊन शालीत गुंडाळले, आणि महानंदा तिच्या मागं मुटकुळं करून बसली. चित्रण करायला शरणम्मा. पहिल्या वेळी तिनं स्वतःचा अंगठा आणि छताचा पंखा एवढंच टिपलं. दुसऱ्या वेळी मात्र जमलं. पडद्यावर मंजू गोड हसतेय आणि तिच्या अंगातून निघालेले दोन हात लाल गुंडी काजात घालतायत. सावळे हात, शालीबाहेर नुसती बोटांची टोकं. लेकीचे नाहीत असं कोण म्हणेल.

शरणम्मानं थोडी कुरकूर केली. खोटं कशाला, म्हणाली. मग स्वतःच उत्तर दिलं की मोबाइलमधली शाळाच खोटी, तर तिला खरं कशाला दाखवायचं.

महानंदानं ठरवलं होतं, एकदाच. पण एकदा गुंडी लावलेल्या पोरीला दुसऱ्या दिवशी मॅडम चेन लावायला सांगणारच. मग चेन झाली. मग मणी ओवणं, मग रुमालाची घडी, मग शेंगा फोडणं. लातूरचं ऊन, अंगावर शाल, पुढं लेक घामानं निथळतेय, मागं आई वाकून बसलीय, पाठीला रग लागलीय, काही दिसत नाही, आणि सासू पुढून सांगतेय की डावीकडं, डावीकडं, आता ओढ. मंजू आधी हात सोडवायला बघायची. तिला वाटायचं, खेळ आहे. पुढं पुढं ती सोडवायचंही थांबली.

ग्रुपवर टाळ्यांचा पाऊस. मॅडमनी मंजूचे व्हिडिओ बाकीच्या आयांना दाखवायला सुरुवात केली, बघा, घरी मेहनत घेतली की काय होतं. संस्थेची मोठी शाखा नांदेडला होती, तिथल्या आयाही त्याच ग्रुपवर. बिलोलीहून एका बाईचा फोन आला, सत्यमची आई. तिनं विचारलं, ताई, तुम्ही काय केलं? महानंदा म्हणाली, धीर धरायचा. ती बाई म्हणाली की मला धीर राहत नाही, तुमची मंजू करते हे बघून मी काल सत्यमला हाणलं. त्या दिवशी महानंदाला जेवण गेलं नाही.

आणि राजशेखर. व्हिडिओ त्यालाही जायचा. अर्धापूरच्या बागेत तो ज्याच्या पडवीत मुक्कामाला होता, त्या ग्यानोबा पाटलाला त्यानं दाखवला, घड उतरवणाऱ्या गड्यांना दाखवला. आई साखरेची पेशंट, आपण आजार घेऊन घरी जायला नको म्हणून तो तिकडंच थांबला होता. गुंडीचा व्हिडिओ बघून त्यानं लगेच फोन केला. म्हणाला, "माझ्या लेकीनं सोताच्या हातानं गुंडी लावली, महानंदा. मला वाटलं न्हवतं मी हे बघंन." महानंदा ‘हाव’ म्हणाली. दुसरं काय म्हणणार.

एके दिवशी मॅडमनी लिहिलं, आई, तुमच्या बांगड्यांचा आवाज येतोय, जवळ बसा पण हात लावू नका. झालं. दुसऱ्या दिवशी महानंदानं साबण लावून बांगड्या उतरवल्या. काचेच्या, घट्ट बसलेल्या. चार उतरल्या आणि बाकीच्या वाढल्या. उतरलेल्या चार मंजूनं हौसेनं फरशीवर आपटल्या, त्याही वाढल्या. कासार आळी बंद. सरकारनं दूध, भाजी, औषध अत्यावश्यक धरलं, पण बांगड्या धरल्या नाहीत. ज्यानं ती यादी केली तो बाप्या असणार. सोन्याच्या पाटल्या बँकेत. शरणम्मा घाबरी झाली, सुवासिनीचे हात मोकळे, तेही असल्या दिवसांत. तिनं हळदीत बुडवून दोरे बांधले दोन्ही मनगटांना. चित्रणाच्या वेळी ते सोडायचे, नंतर बांधायचे. पण पिवळा दोरा समोरच्या गच्चीवरून दिसत नाही.

तर असे ते हात. आणि असं ते पिठलं.

संध्याकाळी दारात एक झाकलेलं ताट. दुसऱ्या दिवशी दोन. आणणारे ताट ठेवायचे, कडी वाजवायचे आणि खाली मान घालून निघून जायचे. महानंदाला कळेना. शरणम्मा म्हणाली की बाप्या माणूस घरात नाही, दोघी बायका एकट्या, म्हणून लोकांना माया येऊ लालीय. आणि माया आलीच आहे तर ती गरम असताना खावी, म्हणून दोघींनी पोटभर खाल्ली. तारामतीकाकूंच्या पिठल्यात लसूण जरा जास्त पडतो, एवढंच शरणम्माला खटकलं. माती कधी झाली, कुठं झाली, हे कुणी विचारलं नाही. त्या दिवसांत माती घरच्यांनाही बघायला मिळत नव्हती; मग शेजाऱ्यांनी कुठून बघायची.

गल्लीच्या तोंडाशी रामलिंगचं फ्लेक्सचं दुकान. लग्न नाही, वाढदिवस नाही, पुढाऱ्यांची स्वागतं नाहीत. पोराचे हात शिवशिवत होते. त्यानं राजशेखरचा सत्कारातलाच फोटो घेतला, झेंडूचा हार चढवला, खाली समई लावली आणि ‘लिंगैक्य’ असं सुरेख अक्षरात लिहून व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर सोडून दिलं. बघता बघता श्रद्धांजल्यांची रांग लागली. तिकडं अर्धापूरला राजशेखर गाडी भरून घेत होता. स्वतःचा फोटो आणि हार बघून त्याला वाटलं, पुन्हा सत्कार. त्यानं सवयीनं दोन जोडलेले हात पाठवून दिले.

ग्रुप एकदम शांत झाला म्हणतात.

मग वाचलं त्यानं. आणि घरी फोन लावला. आधी तो हसत होता. "मी लई चांगला माणूस व्हतो म्हणं. जिवंतपणी एकानं चहा पाजला न्हाई." शरणम्मानं मागून रामलिंगच्या सात पिढ्यांना कन्नडात आंघोळ घातली. मग राजशेखरचा आवाज उतरला.

"पण तुझ्या हातात बांगड्या न्हाईत, असं ग्रुपवर सांगायलेत. का न्हाईत?"

"वाढल्या. कासार बंद हाय."

दोन्ही खरं. महानंदाच्या लक्षात आलं की हल्ली ती खोटं बोलतसुद्धा नाही, नुसतं खऱ्यातलं थोडं तोडून देते. राजशेखर बरं म्हणाला. आणि म्हणाला, ते जाऊ दे, दुसरी बातमी हाय.

नांदेडच्या शाखेचे अमृतराव सर, त्यांचा त्याला फोन आला होता. वसतिगृह पावसाळ्यात उघडणार. ज्या मुलांना स्वतःचं स्वतः करता येतं त्यांनाच तिथं घेतात, पुढं हातकाम शिकवतात. मंजूचे व्हिडिओ त्यांनी बघितले. पोरगी तयार आहे म्हणाले. एकदा मोबाइलवर समोरासमोर बघायचं, मॅडम असतील, आपण असू, आणि मग नक्की. राजशेखरला बोलता बोलता धाप लागत होती. आपण इथं जवळच आहोत, दर रविवारी जाऊ, पोर स्वतःच्या पायावर उभी राहील. आपल्या मागं तिचं कसं, ही रात्रंदिवसाची फिकर मिटली.

महानंदा फोन ठेवून जिन्याच्या पायरीवर बसली. वसतिगृहात चाळीसेक पोरी. तिथं सकाळी मंजूचं तोंड कोण धुणार? ताट पुढं आलं की ती आजीच्या हाताची वाट बघत बसेल आणि ताट उचललं जाईल. गुंड्या उघड्या राहतील आणि कुणीतरी म्हणेल, हिला येतं, मुद्दाम करत नाही, व्हिडिओ आहेत हिचे. खरं सांगावं तर शाळेतून नाव जाईल. खरं सांगावं तर नुकताच झेंडूच्या हारातून परत आलेला नवरा आता खरोखर मोडेल. आणि न सांगावं तर पोरगी जाईल. सगळ्या बाजूंनी भिंती तिच्याच हातच्या, दार ठेवायचंच राहून गेलेलं.

राहिले होते थोडे दिवस. त्या दिवसांत तिनं जे करायचं ते पहिल्यांदा केलं. मोबाइल बाजूला ठेवला, मंजूला पाटीसमोर बसवलं, सासूला स्वयंपाकघरात धाडलं. मंजूची बोटं जाड, आखूड. गुंडी निसटायची. महानंदा तिच्याशेजारी बसायची, हात आपल्या मांडीखाली दाबून. असं केल्याशिवाय ते आपोआप पुढं जायचे. पोरगी चिडली, चावली, पाटीवर बसली. आणि एका दुपारी लाल गुंडी अर्धी काजात गेली. अर्धीच. मंजूनं तिच्याकडं बघितलं आणि कुकरच्या शिट्टीला हसते तशी हसली. महानंदाला वाटलं, जमतंय. कदाचित निभेल. माणूस बुडताना असंच म्हणतं.

तो दिवस आला. मंजूला नवा फ्रॉक, पाटी पुढं, महानंदा बाजूला, पडद्यावर दिसेल अशी, दोन्ही हात मांडीवर. हळदीचे दोरे तसेच. पडद्यात तीन चौकटी. एकीत शिल्पा मॅडम. एकीत अमृतराव सर, चष्मा कपाळावर. एकीत राजशेखर, मागं केळीची पानं, शर्टाला इस्त्री. ती त्यानं कुठं केली देव जाणे. सरांनी मंजूला नमस्कार केला, ती हसली. मग मॅडम म्हणाल्या, मंजू, आज लाल गुंडी लाव बघू.

शरणम्मानं मोबाइल उचलून नीट समोर धरला.

मोबाइल वर येताना मंजूनं बघितला आणि तिनं आपले दोन्ही हात पाठीमागं नेले. एकाला एक धरून. अगदी शहाण्या पोरीसारखं. आणि ती मागं रेलली. आईच्या पोटाला टेकायची रोजची सवय. मागं कुणी नव्हतं. पोर कलंडली, सावरली, पण हात पुढं नाही आणले. हसत वाट बघत बसली. कुणीच काही करेना, तेव्हा तिनं मान वळवली.

"आई, मागं ये," मंजू म्हणाली. "शाल घे."

मंजू अख्खं वाक्य क्वचित बोलते. हे तिनं स्पष्ट बोललं.

मॅडमना कळलं नाही. त्या पुन्हा म्हणाल्या, हात पुढं घे बाळा. मंजूनं जोरजोरात मान हलवली. मोबाइल समोर असताना हात पुढं घ्यायचे नसतात, हे तिला घरानं शिकवलं होतं, आणि अख्ख्या वर्षात तेवढं एकच ती चोख शिकली होती. महानंदाला ते तिथं, त्या क्षणी दिसलं. व्हिडिओ तिनं काढले, पण त्यात काय चाललंय ते तिला कधी दिसलं नव्हतं. ती मागं बसलेली असायची.

"मॅडम," ती म्हणाली, "ते हात माझे हायेत. सगळ्या व्हिडिओतले. हिचे मी मागं बांधून ठेवायचे."

अमृतराव सरांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. राजशेखरची चौकट काळी झाली. त्यानं बंद केली की नेट गेलं, कुणी विचारलं नाही. शरणम्माच्या हातातला मोबाइल हळूहळू खाली आला आणि पुढचं बोलणं फरशीकडं बघत झालं.

आता कुणाला वाटेल मॅडमनी समजून घेतलं. तसं काही नाही. "मी तुमचे व्हिडिओ दाखवून बाकीच्या आयांना बोलले," एवढंच म्हणाल्या, आणि त्यांचा तो मऊ आवाज पहिल्यांदा चिरकला. सरांनी वसतिगृहाचं आपोआप मिटल्यासारखं मिटवलं. मग मॅडम म्हणाल्या की मंजूचं नाव माझ्या वर्गातच राहील. कचेरीशी मी बघते. पण तिच्यासमोर मोबाइल धरायचा नाही. हात स्वतःहून पुढं येईपर्यंत एक व्हिडिओ नको मला.

जागा राहिली. पोर घरी राहिली. जे हवं होतं ते महानंदाला मिळालं, आणि घर होतं त्याहून लहान झालं.

तिनं एक फोन स्वतःहून केला, बिलोलीला. सत्यमच्या आईला सगळं सांगितलं आणि शिव्यांची वाट बघत राहिली.  ती बाई म्हणाली, "म्हंजे सत्यममदी काई कमी न्हवतं म्हना." आणि ठेवून दिला.

गल्लीला बातमी पोचायला वेळ लागला नाही. शरणम्मानं रागाच्या भरात कन्नडात सांगितली, गल्लीनं मराठीत ऐकली. दोन दिवस पोटभर चर्चा झाली. कुणी म्हणालं, बाई सिनेमात जायची ती चुकून केळीवाल्याच्या घरात आली. तारामतीकाकूंना दुःख वेगळंच होतं, मेलेल्या माणसाच्या नावानं केलेलं पिठलं खाल्लं गेलं आणि माणूस जिता निघाला, आता त्याचं काय करायचं. त्यांनी ताट तेवढं मागवून घेतलं. राजशेखरची खबर मात्र कुणी काढली नाही. जिवंत माणसात गल्लीला रस कमी.

राजशेखरचा फोन येत नव्हता. आईला औषधाचं विचारायचा, तेही निरोप टाकून. महानंदा रोज दुपारी कामं उरकून मंजूला पाटीसमोर बसवायची आणि शेजारी बसायची. खिडकी उन्हानं तापलेली, बाहेर शुकशुकाट, आत त्याच चार गुंड्या. मंजूचे हात आता मोबाइल नसतानाही मागं जायला लागले होते. पाटी दिसली की मागं. महानंदा ते ओढून पुढं आणत नव्हती. नुसती बसायची. कधी कधी तास जायचा आणि काहीच व्हायचं नाही. शरणम्मा दारात येऊन उभी राहायची, तिला राहवायचं नाही, पुढं वाकायची, आणि महानंदा न बघता म्हणायची, राहू द्या आत्याबाई.

अशाच एका दुपारी फोन वाजला. तो होता. तिनं उचलला आणि कानाला लावला, मंजूला दिसू नये म्हणून पदराआड.

"काय करून राहिलीस?" त्यानं विचारलं.

"गुंडी."

"लागली?"

"न्हाई."

पलीकडं गाडी भरत होती. घड ठेवल्याचे धप धप आवाज, कुणीतरी गड्यांना हाका मारत होतं. तो काही बोलेना. आता ठेवणार, असं वाटून महानंदानं फोन कानापासून अर्धा काढला.

"ठेवू नको," तो म्हणाला. "चालू राहू दे तसाच. मी बोलत न्हाई काई."

तिनं फोन फरशीवर पालथा ठेवला, वर पदराचं टोक टाकलं, आणि आपले हात पुन्हा मांडीखाली दाबून घेतले.